तक्रार – ब्रेक उशिरा लागतो

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा. सावरगावच्या पुलाकडं उतरताना समोर ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत संत्र्याचे क्रेट. मी ब्रेक दाबला. मोठी गाडी थांबली, पण उशिरा. ट्रॉलीच्या लोखंडात आणि माझ्या बोनेटमध्ये वीतभर जागा उरली असेल. सुनीता बाजूला होती.  घरी येईपर्यंत तिनं डॅशबोर्डवरचे दोन्ही हात काढले नाहीत.

दहा दिवसांत तिसरी वेळ. पहिल्या दोन तिला माहीत नाहीत.

 अक्षर पाहा कसं आलं.

४ नोव्हेंबर

रात्रभर तोच विचार. बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शाळेची छोटी गाडी, शिकणाऱ्याच्या बाजूची सीट, सेकंड गिअर, तेच रस्ते. सगळं गाव ‘सर’ म्हणते. पन्नाशीला स्वतःसाठी म्हणून मोठी घेतली ऑगस्टात, नागपूरहून. नऊ वर्षं जुनी, टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक. नवी असताना ही गाडी आपल्याकडच्या दोन-तीन लोकांनीच पाहिली असेल. हायवेला पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते. लहान पोरासारखं हसू येते मला, खोटं काहून लिहू.

आणि तिचे ब्रेक असे. ज्यानं अर्ध्या पांढुर्ण्याला ब्रेक मारायला शिकवलं त्याच्याच गाडीला.

५ नोव्हेंबर, बुध

इस्माईलभाईंच्या गॅरेजात टाकली. त्यांनी कार्ड भरलं: ‘तक्रार – ब्रेक उशिरा लागतो.’ चाकं खोलली. समोरचे पॅड बरेच घासलेले. “सरजी, ये देखो, हेच हाय.” पॅड नागपूरहून येतील. किंमत ऐकून मी दोनदा विचारलं. छोटीचे चारही चाकांचे पॅड याच्या पाव पैशात होतात.

कूलंटची पातळीही खाली. पंपाच्या बाजूला ओल. इस्माईलभाई म्हणाले, “प्लास्टिकचा पंप हाय जी, या गाड्यांचं हे नेहमीचंच. आज ना उद्या जाईल.”

पण ब्रेकचं कारण सापडलं. झोप येईल आज.

९ नोव्हेंबर, रवि

नवे पॅड. सकाळी एकटाच नागपूर रोडला गेलो. शंभरवरून तीनदा दाबून पाहिलं, जागच्या जागी. मस्त. येताना खिडक्या उघड्या ठेवून गाणं म्हणत आलो.

गावात शिरलो आणि चौकात एक बाई स्कूटीवरून आडवी आली. दाबला. पाय गेला, पण गाडी आधी पुढं गेली, मग थांबली. बाई मागं वळून पाहत राहिली.

नवे पॅड. नवे. मग काय राहिलं?

१२ नोव्हेंबर

ब्रेक ऑइल बदललं, ब्रेकच्या पाइपातली हवा काढली. दुसरं कार्ड, तक्रार तीच. इस्माईलभाईंनी स्वतः चालवून पाहिली. “पेडल एकदम टाइट हाय सरजी. मले तं काहीच दिक्कत नाही दिसून राहिली.”

“तुम्ही चालवता तेव्हा नाही होत. मी चालवतो तेव्हा होते.”

असं मी म्हणालो खरं. ते हसले. मी पण हसलो.

१६ नोव्हेंबर, रवि

पंप गेला. स्टेशनच्या रस्त्यावर टेम्परेचरची लाल खूण, बोनेटमधून वाफ. बाजूला घेतली. लोक जमले. “सर, एवढी महाग गाडी अन् रस्त्यात चहा करून राहिली!” हसलो लोकांसोबत.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. वाफ दिसते, कूलंट सांडलेलं दिसते. जे दिसते त्याची भीती नाही वाटत.

सुनीतानं आजवरची बिलं मोजली. मला आकडा सांगितला नाही. तिनं फक्त विचारलं, “आणखी काय राहिलं या गाडीत जुनं?”

१८ नोव्हेंबर, मंगळ

काल इस्माईलभाईंनी पंप बदलला; त्या कार्डावरही मी ब्रेकची तक्रार लिहायला लावली, तिसरं कार्ड. आज नागपूरला, या गाड्यांचं काम करणाऱ्या गॅरेजात. हळूच चालवत गेलो, चाळीसच्या वर नाही. मागून ट्रकवाले हॉर्न देऊन राहिले. तिथल्या पोरानं कार्डावर तीच तक्रार लिहिली, कॉम्प्युटर लावला. पाऊण तासानं बाहेर आला, “काका, ब्रेक बूस्टरच्या पाइपातून हवा लीक आहे. म्हणून पेडलला जोर कमी मिळतो.”

मी त्याला मिठीच मारणार होतो.

पाइप बदलला, गिअरबॉक्सचं ऑइलही बदललं, गिअर झटके देऊन राहिले होते. बिल लिहीत नाही. रोग सापडला. मी वेडा नाही. गाडीतच होता.

येताना हायवेला एकशे दहा.

२२ नोव्हेंबर, शनि

लिहू की नको.

सौसरला गेलो होतो, लेकीकडं, पल्लवीकडं. जेवण झालं. पोरगी म्हणाली, बाबा, चिकूला गाडीत फिरवून आणा. मागं पल्लवी, तिच्या मांडीवर चिकू, माझा नातू. समोर मी आणि सुनीता. बाजाराच्या रस्त्याला दोन्हीकडं संत्र्यांचे ढीग, क्रेट. समोर हातगाडीवाला थांबला. मी ब्रेक दाबला आणि गाडी पुढं उडाली.

उडालीच. इंजिन गर्जलं. हातगाडी चुकवायला डावीकडं ओढली तर क्रेटच्या थप्पीत घुसली. लाकडाच्या फळ्या फुटल्याचा आवाज. संत्री बोनेटवर. चिकूची किंकाळी. मग गाडी थांबली, म्हणजे मी पाय काढून पुन्हा दाबला तेव्हा.

कुणाला लागलं नाही. थप्पीमागं म्हातारी बसली होती, तिच्या चार हात अलीकडं थांबली.

लोक धावले. मी उतरून फळ्या बाजूला करू लागलो, क्रेट उचलू लागलो, कुणी हात धरून बाजूला केलं तरी ऐकलं नाही. व्यापाऱ्याला पैसे दिले. तो म्हणाला, “जाऊ द्या जी, तुमचा काय दोष. या जुन्या ऑटोमॅटिक असंच करतात.” सगळे तेच म्हणून राहिले. मीही म्हणालो, हो, गाडीच खराब आहे.

पल्लवी चिकूला घेऊन पायी घरी गेली.

२३ नोव्हेंबर

मोठी सौसरहून इस्माईलभाईंच्या माणसानं आणली. मी बसनं आलो. बसमध्ये उजव्या पायाला मुंग्या. थंडी असेल.

२४ नोव्हेंबर, सोम

इस्माईलभाईंनी तिला दिवसभर चालवली. भाजी बाजार, स्टेशन, पूल. तीस वेळा तरी ब्रेक मारला म्हणाले. कार्डावर लिहिलं: ‘तक्रार – ब्रेक उशिरा लागतो, गाडी पुढे उडते. तपासले. ठीक.’

पाचवं कार्ड.

मग त्यांनी माझ्या पायाकडं पाहिलं. जरा वेळ. “सरजी, बूट बदलून पाहा बरं. पातळ तळव्याचे घ्या.”

“बुटाचं काय?”

“काही नाही जी. ऐसेही बोललो.”

राग आला. तिथून पायी निघून आलो. पण घरी येऊन बूट पाहिले. चांगले आहेत.

२५ नोव्हेंबर, मंगळ

सकाळची बॅच. वर्षा मॅडम. वर्षा गजभिये, लोधीखेड्याकडं नर्स आहेत. खेड्यापाड्यांत लस द्यायला, बाळंतिणी पाहायला जावं लागते म्हणून गाडी शिकून राहिल्या. जुनी गाडी ठरवलीय त्यांनी, टेस्ट पास झाल्या की घेतील. हात चांगला आहे, घाई नाही.

छोटीत माझ्या बाजूलाही ब्रेक आहे, क्लच आहे. बावीस वर्षांत त्या ब्रेकनं किती लोकांना वाचवलं असेल.

शाळेच्या भिंतीजवळच्या वळणावर एक म्हातारे बाबा रस्ता ओलांडू लागले, काठी घेऊन. मॅडमनी पाहिलं नाही असं मला वाटलं. मी ब्रेक दाबला.

गाडी गेली तशीच.

मी आणखी दाबला. गाडी जाऊनच राहिली. मग मॅडमनी स्वतः ब्रेक मारला, कच्चकन, गाडी बंद पडली. बाबांनी बोनेटवर हात टेकवला, आमच्याकडं पाहिलं आणि निघून गेले.

मी खाली पाहिलं. माझा पाय ब्रेकवर नव्हता. पेडलच्या बाजूला, मॅटवर होता. मी मॅट दाबून राहिलो होतो पूर्ण जोरानं.

मॅडम म्हणाल्या, “सर, तुम्ही ब्रेक मारलाच नाही.”

“मुद्दाम नाही मारला. तुमची परीक्षा होती.”

त्या म्हणाल्या, “हो का.” आणि गाडी सुरू केली.

पुढच्या दोघांची बॅच रद्द केली. डोकं दुखते म्हणून सांगितलं.

त्या छोटीत ना बूस्टर लीक आहे, ना ऑटोमॅटिक गिअर. त्या छोटीला काहीच झालेलं नाही.

२६ नोव्हेंबर

सुनीता मोजे धुवायला घेऊन गेली आणि आतून ओरडली. उजव्या मोज्याला रक्त, वाळलेलं, काळं. “कुठं लागलं तुम्हाले?”

मला काय माहीत. पाय पाहिला. अंगठ्याच्या खाली तळव्याला भोक, कडा पांढरी, पू. बूट उलटा केला तर तळव्यातून खिळा आत आलेला. बारीक, क्रेटच्या फळीचा. सौसरचा.

म्हणजे शनिवारपासून. चार दिवस खिळ्यावर चाललो. गॅरेजातून पायी आलो. छोटीतली मॅट त्याच खिळ्यावर दाबली. आणि मला कळलं नाही.

सुनीतानं हळद आणली, मग ठेवून दिली. माझ्याकडं पाहून राहिली. “दुखून नाही राहिलं?”

“थोडं.”

तिनं त्या जागेजवळ बोटानं दाबलं. मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं की ती दाबून राहिली आहे.

२७ नोव्हेंबर, गुरु

दवाखाना. साखर तीनशे बारा. चार वर्षांपासून गोळ्या आहेत, मी आठवण आली की घेतो. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

जखम धुतली, इंजेक्शन. मग म्हणाले डोळे मिटा. नायलॉनचा जाड दोरा पायाला टोचून राहिले, कुठं टोचलं सांगा. डाव्या पायाला सांगितलं बरंच. उजव्या पायाचं मी म्हणालो, “सुरू करा न साहेब.” ते म्हणाले, “झालं करून.”

मग तो काटा, ठोकला की थरथरतो तो, घोट्यावर ठेवला. घोट्याच्या खाली काहीच नाही. लाकूड.

नसा. साखरेनं नसा जातात म्हणे, हळूहळू, पायापासून.

“गाडी चालवता का?”

मी म्हणालो, “कधीमधी.”

या गावात मला न ओळखणारा हा एकच माणूस, दोन महिन्यांपूर्वी बदलून आला. “नागपूरला नसांची तपासणी करून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत गाडीला हात लावू नका. पाय कुठं आहे तेच तुम्हाला कळणार नाही.”

सुनीता बाहेर बसली होती. तिला खिळ्याचं सांगितलं. बाकीचं नाही.

२९ नोव्हेंबर, शनि

रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकतो. समोर दोन विटा. डोळे मिटतो, पाय एका विटेवरून दुसऱ्या विटेवर नेतो. वाटते गेला. डोळे उघडून पाहतो. दहापैकी सहा वेळा विटेवर असतो. चार वेळा मातीत.

ऑगस्टपासून मी किती वेळा डोळे रस्त्यावर ठेवून पायावर भरोसा ठेवला. दहापैकी चार.

चिकू मागं बसला होता.

१ डिसेंबर, सोम

बॅच सुरू. काय करू. पाच जण आहेत, फी घेतलेली, दोघांची टेस्ट याच महिन्यात. छोटीच्या माझ्या बाजूच्या ब्रेकवर डावा पाय ठेवायचं ठरवलं. डाव्याला बरंच कळते. रस्त्यावर नेलं नाही कुणाला, मैदानातच गोल गोल. मी रस्त्याकडं पाहतच नव्हतो, आपल्याच पायाकडं पाहून राहिलो होतो.

एक पोरगा म्हणाला, “सर, मैदानातच कितीक दिवस?”

शर्ट ओला झाला होता. डिसेंबरात.

३ डिसेंबर

चाळिशीच्या वरच्या लोकांचा मेडिकलचा कागद मीच भरून देतो दरवर्षी, डॉक्टरचा शिक्का आणतो. शेकडो भरले. आज पहिल्यांदा वाचला. हातापायांत काही कमजोरी, बधिरता आहे का. खाली सही.

माझ्या लायसन्सचं नूतनीकरण मार्चात.

६ डिसेंबर, शनि

वर्षा मॅडम आज येणार नव्हत्या, सहा डिसेंबर. बरं झालं. त्यांच्यासमोर बसायला हिंमत होत नाही.

मोठी विकायला काढली. फोटो टाकले. इस्माईलभाईंना सांगितलं. ते म्हणाले, “आता तं गाडी एकदम बरोबर झाली सरजी. आता काहून?”

७ डिसेंबर, रवि

सौसरहून नीलेश ढोबळे आले गाडी पाहायला. कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी, तीस-बत्तीसचे. बायको आणि लहान मुलगी सोबत. मुलगी मागच्या सीटवर चढून बसली, उतरेचना.

गाडी आवडली. डोळ्यांतच दिसलं, माझंही ऑगस्टात असंच झालं असेल. मग फाइल मागितली. मी अभिमानानं दिली, प्रत्येक बिल लावलेलं. ते वाचून राहिले. एकेक कार्ड बाजूला काढून ठेवत गेले. पाच कार्डं मांडली बोनेटवर.

“सर, हे काय? ब्रेक उशिरा लागतो. ब्रेक उशिरा लागतो. पाचही वेळा तेच.”

“सगळं नवं आहे आता.”

“हाव. पॅड नवे, ऑइल नवं, पाइप नवा. अन् त्याच्यानंतरही तक्रार आहे. इथं लिहिलं न, गाडी पुढे उडते. सौसरच्या बाजारात क्रेटमध्ये घुसली ती हीच ना?”

“हो.”

“मंग खराबी काय होती?”

तोंड उघडलं. त्यांची बायको पाहून राहिली होती. म्हणालो, “सापडली नाही नक्की. पण आता ठीक आहे.”

त्यांनी मुलीला सीटवरून उचललं. “काही तरी छुपवून राहिले तुम्ही सर. माझं लेकरू बसणार आहे याच्यात.”

गेले. आणि मी गाडीजवळ उभा. गाडीत काहीच नाही खराब. पंप नवा, ब्रेक नवे, गिअर लोण्यासारखा. महिनाभर मी तिच्यावर आळ घेतला आणि ती चूपचाप माझ्या दारात उभी राहिली.

९ डिसेंबर, मंगळ

सुनीतानं दवाखान्याचा कागद वाचला. माझ्या शर्टच्या खिशात होता. इंग्रजीत आहे, पण पल्लवीला फोटो पाठवला, तिनं सांगितलं.

दुपारी जेवायला बसलो तर ताट वाढलं आणि समोर बसली. “किती दिवसांपासून माहीत आहे?”

“सत्तावीसपासून.”

“अन् एक तारखेपासून लोकायले शिकवून राहिले?”

“मैदानात. डाव्या पायानं.”

ती ओरडली नाही. म्हणाली, “त्या दिवशी पल्लवी मले म्हणाली होती, आई, बाबांनी ब्रेक नाही, अ‍ॅक्सिलेटर दाबला. मी मागून पाहिलं, असं म्हणाली. मी तिले म्हटलं, तुले काय समजते, तुह्या बापानं बावीस वर्षं गाडी शिकवली. पोरगी रडत गेली, अन् मी तुमच्या बाजूनं बोलली.”

जेवण तसंच राहिलं दोघांचं.

नंतर स्वयंपाकघरातून तिचा आवाज, “शाळा बंद झाली तं होऊन जाऊ दे. उपाशी नाही मरत आपण.” आवाज मात्र घाबरलेला होता. मला ओळखता येतो.

१० डिसेंबर

पल्लवीला फोन केला. तिनं उचलला. “बाबा, गोळी घेतली का?” एवढंच. चिकूचा आवाज मागं. मी त्याच्याशी बोलू का, असं विचारलं नाही. तिनंही त्याला फोन दिला नाही.

१२ डिसेंबर, शुक्र

वर्षा मॅडमची सोमवारी टेस्ट. शेवटची प्रॅक्टिस म्हणून आल्या, सकाळी सात. “जय भीम सर. आज रस्त्यावर नेता ना?” मी चावी दिली नाही. मैदानाच्या कट्ट्यावर बसवलं आणि सांगितलं. सगळं. मॅट, खिळा, डॉक्टर. परीक्षा होती हे खोटं होतं, तेही.

त्या ऐकून राहिल्या. मग म्हणाल्या, “बूट काढा.”

“कशाला?”

“काढा सर.”

जखम पाहिली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. पट्टी पुन्हा बांधली, पर्समधूनच काढली. हे सगळं नर्ससारखं. मग उभ्या राहिल्या आणि आवाज बदलला.

“त्या दिवशी समोर माणूस होता सर. मी तुमच्या भरोशावर गाडी चालवून राहिली होती. मले वाटत होतं, माझं चुकलं तं सर आहेत. तुम्ही नव्हतेच तिथं. अन् नंतर मले म्हणता परीक्षा. मी घरी जाऊन आईले सांगितलं, सरायनं माझी परीक्षा घेतली, मी पास झाली. ती केवढी खुश झाली.”

मी मान खाली घातली.

“किती जणांले सांगितलं आतापर्यंत?”

“तुम्ही पहिल्या. घरचे सोडून.”

“बाकीच्या चौघायले?”

“नाही.”

“सांगजा,” म्हणाल्या. चप्पल झटकली आणि पायी निघून गेल्या. नमस्कार नाही.

मैदानात एकटाच बसून होतो, ऊन वर येईपर्यंत. छोटीवरच्या बोर्डावर माझं नाव, मोबाइल नंबर, खाली ‘सुरक्षित प्रशिक्षण’. पेंटरला मीच सांगितलं होतं, जरा मोठं लिही.

चौघांनाही फोन करून म्हटलं, बॅच पुढचा आठवडाभर बंद. कारण, गाडीचं काम. पुन्हा गाडी.

१५ डिसेंबर, सोम

नागपूर, रेल्वेनं. सुनीता सोबत. डबा भरलेला. एवढे लोक निवांत बसलेले, कुणालाच कुठं पाय दाबायचा नव्हता. मी मात्र प्रत्येक वळणावर दाबून राहिलो होतो. सुनीतानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

तपासणीत पायाला करंट देतात. डाव्या पायाला झटका बसला. उजव्याला मशीनकडं पाहूनच कळलं की दिला. तिथली मुलगी बटण फिरवून वाढवत गेली, आणखी, आणखी. एका क्षणी काहीतरी जाणवलं, लांबून कुणी हाक मारल्यासारखं. मी म्हणालो, “आला! आला!” ती म्हणाली, “काका, हे सगळ्यात जास्त आहे.”

डॉक्टर म्हणाले, साखर आटोक्यात राहिली तर आहे तेवढं टिकेल. थोडं परतूही शकते, नाहीही. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. तोपर्यंत ड्रायव्हिंग नाही.

“अन् नंतर?” सुनीतानं विचारलं.

“नंतरचं नंतर.”

परतीच्या गाडीत मोबाइलवर मेसेज. वर्षा मॅडम. ‘पास.’ एवढाच शब्द. दहा वेळा वाचला. उत्तर काय लिहावं समजेना. ‘अभिनंदन’ लिहिलं, खोडलं. मग लिहिलं, ‘तुमच्या हिमतीनं.’ दोन निळ्या खुणा आल्या.

१८ डिसेंबर, गुरु

सकाळी साखर एकशे ऐंशी. सुनीता रोज पाय तपासते, आरसा खाली ठेवून. मी डोळे मिटून विचारतो, कुठं हात आहे? ती म्हणते, तुम्ही सांगा.

आज तीनदा बरोबर सांगितलं. अंदाजानं की खरंच, मला माहीत नाही.

इस्माईलभाई आले भेटायला, हातात पपई. त्यांनाही सगळं सांगितलं. “मले शक होता सरजी. बुटाचं म्हणूनच बोललो होतो. माझ्या अब्बांचं असंच झालं होतं. पण तुमच्यासारख्या माणसाले कसं म्हणू, की गाडी नाही, तुम्ही.”

“म्हणायचं होतं.”

“हाव जी. म्हणायले पाहिजे होतं.”

दोघंही पपईकडं पाहत बसलो.

२० डिसेंबर, शनि

नीलेश ढोबळेंना मीच फोन लावला. तीनदा वाजून बंद. चौथ्यांदा उचलला. म्हणालो, खराबी सांगतो, येता का.

आले, एकटेच. मोठीजवळच उभं राहून सांगितलं. पाच कार्डं पुन्हा बोनेटवर मांडली, बाजूला नागपूरचा रिपोर्ट ठेवला. “ही पाचही गाडीची नाहीत. माझी आहेत. पंप आणि पाइप तेवढे तिचे होते.”

ते बराच वेळ रिपोर्टकडं पाहत राहिले. त्यांना तो वाचता येत नव्हता, पण पाहत राहिले. मग माझ्या पायाकडं पाहिलं. आता सगळे तिथंच पाहतील.

“सर, जानेवारीपासून माझी बायको तुमच्याकडं शिकायले येणार होती. बहिणीकडं राहून. तिनं तं नावही दिलं होतं म्हणे.”

वही पाहिली. होतं. दहा जानेवारी, सौ. ढोबळे.

“मंग शाळा कोण चालवून राहिलं आता?”

“आठवडाभर बंद आहे.”

“लोकायले माहीत आहे?”

“नाही.”

त्यांनी चावी मागितली. चालवून पाहतो म्हणाले, एकटाच. मी दिली. गेटमधून बाहेर पडून मोठी सावरगावच्या बाजूला गेली. आवाज ऐकत उभा राहिलो. गिअर बदलताना एकही झटका नाही. पहिल्यांदाच तिला बाहेरून जाताना पाहिलं, दुसऱ्याच्या हातात. छान चालते.

वीस मिनिटांनी आले. बंद करून चावी माझ्या हातावर ठेवली. “ब्रेक मस्त आहेत.”  मोटरसायकलवर बसून म्हणाले, “घरी विचारून सांगतो. गाडीचंही अन् ...” पुढचं किक मारण्यात गेलं.

गाडीचंही आणि काय? गावात सांगायचं की नाही, हे? विचारायला हवं होतं.

२१ डिसेंबर, रवि

आज आठवडा संपतो. उद्या चौघं सकाळी सात वाजता मैदानात येतील.

दुपारी बारापासून वही समोर घेऊन बसलो. सुनीता बाजूला भाजी निवडून राहिली, मुद्दाम इथंच.

पहिला फोन कॉलेजच्या पोराला. सांगितलं. तो म्हणाला, “सर, मंग माझी टेस्ट?” दुसऱ्या गावचं नाव आणि नंबर दिला, फी परत करतो म्हणालो. “बरं,” म्हणाला. मग, “सर, पण त्या दिवशी मैदानात तुम्ही... बरं जाऊ द्या.”

दुसरा पतसंस्थेतल्या बाईंना. त्यांनी ऐकलं आणि फोन ठेवला. ठेवला की कट झाला, माहीत नाही. पुन्हा लावला नाही.

तिसरे काका, माझ्याच वयाचे, संत्र्याची बाग आहे. हसले. “सर, मलेही साखर आहे. मग मीही शिकू नको का?” हसतच विचारलं, पण उत्तराची वाट पाहून राहिले. मी म्हणालो, “आधी पाय दाखवून या.” तिकडून हसणं बंद झालं.  मग म्हणाले, “कोणत्या डॉक्टरकडं?”

पत्ता सांगितला. त्यांनी दोनदा लिहून घेतला.

आता चौथा राहिला. पोलीस लाइनीजवळ राहणारा मुलगा. त्याचे वडील आरटीओ ऑफिसात, ओळखीचे, माझं लायसन्स, शाळेचा परवाना, सगळी फाइल त्यांच्याच टेबलावरून जाते. त्याला सांगितलं की संध्याकाळपर्यंत त्यांना कळणार.

नंबर काढून ठेवला आहे. सुनीतानं भाजी बाजूला सारली. म्हणाली, “मी लावू का?”

नको म्हटलं. लावतो.

वाजून राहिला आहे.